वसईचा बंधू गोन्सालो

ज्युबिलीच्या स्मरणिकेत मिशनचा इतिहास, फादरांची नावे आणि शाळेची हकीकत ही यावयाचीच. या पानांवर मात्र आम्ही वाचकांपुढे अशा एका पुरुषाचे चरित्र ठेवीत आहो की, ज्याचा आपल्या अनसिंगशी लौकिक अर्थाने काडीचाही संबंध नाही. तो वऱ्हाडात कधी आला नाही. तो जन्मला तेव्हा येथे इमादशाहीचा अंमल होता. तो तरुण असता १५७४ साली हा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत गेला. आणि ज्या १५९६ साली तो दूर जपानात कैद झाला, त्याच साली वऱ्हाड अकबर बादशहाच्या हाती आला. म्हणजे आपल्या काळ्या मातीवर तीन राज्ये पालटत होती, तेवढ्या अवकाशात वसईच्या एका मुलाचे आयुष्य आरंभ पावून संपलेही. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. कोकणातील ख्रिस्ती बांधव त्यास आपला म्हणून ओळखतात. आमच्याकडे मात्र पुष्कळांस तो केवळ संतमालिकेतील एक नाव आहे, व कित्येकांस तेही नाही.

तर मग त्याचेच चरित्र का, असे कोणी विचारील. कारण सांगतो. वाशीम-पुसद रस्त्यावरील या गावातून आमची मुले आता पुण्यास, नागपुरास, मुंबईस शिकावयास व चाकरीस जातात. तेथे त्यांच्या वाट्यास दोन गोष्टी हमखास येतात. पहिली ही की, नाव ऐकताच कोणीतरी विचारतो, तुम्ही मूळचे कोण? नाव एक, आडनाव दुसरे, बोली वऱ्हाडी आणि गळ्यात क्रूस, हे विचारणाऱ्यास जुळवता येत नाही, आणि पुष्कळदा आमच्या मुलासही ते जुळवून सांगता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नकार. अर्ज परत येतो, जागा दुसऱ्यास मिळते, आणि मुलगा घरी येऊन गप्प बसतो. गोन्सालोच्या वाट्यास या दोन्ही गोष्टी आल्या होत्या, व त्याही अशा ठिकाणी की, जेथे त्या सर्वांहून अधिक लागाव्यात. त्याच्या मरणाची कथा प्रवचनांतून ऐकावयास मिळते. आम्हांस त्याच्या मरणाआधीच्या चाळीस वर्षांविषयी अधिक बोलावयाचे आहे.

येथे एक खुलासा करून ठेवतो. संताविषयी लिहिताना आदरार्थी अनेकवचन वापरण्याची रीत आहे. आम्ही ती येथे जाणूनबुजून सोडली आहे. घरच्या वडील भावाविषयी आपण आपसांत एकवचनानेच बोलतो, आणि त्याने आदर उणा होत नाही.

वसईचा किल्ला आणि त्याभोवतीचा मुलूख गुजरातच्या सुलतानाने १५३४ साली पोर्तुगीजांस दिला. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत तेथे तटबंदी, मठ, मंदिरे, वखारी असे एक भरभराटीचे शहर उभे राहिले. या शहरात इसवी सन १५५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. बहुतेक चरित्रकार असे लिहितात की, त्याचा पिता पोर्तुगीज शिपाई होता व माता याच भूमीची होती. काही अभिमानी लेखक मातापिता दोघेही अस्सल एतद्देशीय होते, असे सिद्ध करू पाहतात. उलट पक्षी काही जुन्या युरोपीय लेखकांनी त्यास सरळ पोर्तुगीजांतच जमा केले आहे. या ओढाताणीत आम्हांस पडावयाचे नाही. परंतु तीवरूनच एक गोष्ट दिसून येते. हा मुलगा हयात असतानाही लोकांस तो कोणत्या खणात ठेवावा हे कळत नव्हते. किल्ल्यातील गोऱ्या साहेबांच्या दृष्टीने तो पुरता त्यांचा नव्हता, आणि तटाबाहेरच्या कोळी, भंडारी, आगरी वस्तीच्या दृष्टीने तो किल्ल्यातला होता.

वसईस येशूसंघाच्या फादरांचे मंदिर व त्यास जोडून शाळा होती. तेथे फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्या हाताखाली तो सुमारे आठ वर्षे राहिला व शिकला. लिहिणे-वाचणे, प्रार्थना, मिस्सेची सेवा, गायन, असे त्या काळी अशा शाळांतून जे शिकवीत, ते तो शिकला. या आठ वर्षांत त्याच्या मनात एक इच्छा रुजली आणि ती पुढे कधीच गेली नाही. आपल्या गुरूंप्रमाणे आपणही व्रतस्थ व्हावे, एवढीच ती इच्छा. मुलांच्या इच्छा पुष्कळ असतात व त्यांतील बहुतेक मिसरूड फुटेपर्यंत विरून जातात. ही विरली नाही.

इसवी सन १५७२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो येशूसंघाच्या मिशनऱ्यांबरोबर जपानास निघाला. पंधरा वर्षांचा मुलगा, समुद्रातून महिनोन्‌महिने जावयाचे, आणि परतीची खात्री कोणी द्यावी? संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानच्या कागोशिमा बंदरी उतरले होते. त्यास आता तेवीस वर्षे झाली होती. क्युशू बेटावर ख्रिस्ती मंडळी वाढत होती. नागासाकीचे बंदर पोर्तुगीज जहाजांस नुकतेच, म्हणजे १५७१ साली, खुले झाले होते. मिशनऱ्यांची सर्वांत मोठी अडचण भाषेची होती. जपानी भाषा परकीयास कठीण. तीत थोराशी बोलण्याची रीत निराळी, समानाशी निराळी, आणि चूक झाली तर अर्थ तर जातोच, पण मानही जातो.

गोन्सालोने ही भाषा आत्मसात केली. युरोपातून आलेल्या विद्वान फादरांस जी वर्षानुवर्षे घोकून येत नसे, ती या वसईच्या मुलाच्या जिभेवर इतक्या सहज बसली की, लोक त्याचे बोलणे ऐकावयास येऊ लागले. आम्हांस यात फारसे नवल वाटत नाही. वसईत जो मुलगा आईशी एका भाषेत बोलतो, शाळेत दुसरीत व मंदिरात लॅटिन म्हणतो, त्याच्या कानास एका शब्दाचे दोन-तीन वेष असणे ठाऊक असते. जे त्याचे उणे म्हणून गणले जात होते, म्हणजे दोन घरांमधला जन्म, तेच येथे त्याच्या कामी आले. सुमारे आठ वर्षे तो कॅटेकिस्ट म्हणून गावोगाव हिंडला. मुलांस धर्मशिक्षण देणे, बाप्तिस्म्यासाठी येणाऱ्यांची तयारी करून घेणे, फादरांचा उपदेश लोकांच्या बोलीत सांगणे, हे त्याचे काम होते. आमच्या मिशनांतून सायकलीवर वा पायी खेडोपाडी जाणारे जुने कॅटेकिस्ट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस या कामाचे वर्णन करून सांगावयास नको. जे पेरतात तेच, पण नोंदवहीत नाव दुसऱ्याचे येते.

या काळात त्याने येशूसंघात प्रवेश मिळावा अशी विनंती केली, आणि एकदाच नव्हे, वारंवार केली. ती मान्य झाली नाही.

यावर थोडे थांबले पाहिजे. येशूसंघाने या देशात व जपानात जे कार्य केले त्याविषयी आम्हांस परम आदर आहे, परंतु इतिहास हा इतिहासच आहे. त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्या, विशेषतः एतद्देशीय वा मिश्र रक्ताच्या, तरुणांस संघात घेण्यास वरिष्ठांचे मन होत नसे. मलबारकडील पेद्रु लुईस नावाच्या ब्राह्मण तरुणास १५६१ साली संघात घेतले गेले. तो पुढे फादरही झाला. परंतु त्याच्यामागून दार जवळजवळ बंद झाले. संघाचे निरीक्षक फादर आलेस्सांद्रो वालिन्यानो १५७४ साली हिंदुस्थानात आले. ते थोर बुद्धीचे व दूरदृष्टीचे पुरुष होते, तरी येथील लोकांविषयी त्यांचे मत अनुकूल नव्हते. चमत्कार असा की, हेच वालिन्यानो १५७९ साली जपानास गेल्यावर जपानी तरुणांच्या गुणांनी इतके प्रभावित झाले की, १५८० साली त्यांनी उसुकी येथे नवशिष्यांचा मठ उघडून त्यात जपान्यांस प्रवेश दिला. म्हणजे त्या मठाचे दार युरोपीयास उघडे होते, जपान्यासही उघडे झाले. गोन्सालो तर युरोपीयही नव्हता आणि जपानीही नव्हता.

अशा वेळी माणूस काय करतो? सामान्यतः दोहोंपैकी एक करतो. एक तर तो ज्यांनी नाकारले त्यांच्यासारखा दिसण्याचा खटाटोप करतो. त्यांचे नाव, त्यांचा वेष, त्यांची वंशावळ उसनी आणतो आणि आपल्या आईचे घर लपवतो. त्या काळच्या पोर्तुगीज वसाहतींत असे करणारे कमी नव्हते, व आजही अन्य रूपाने असे करणारे आमच्यात आहेत. नावे घेण्याचे कारण नाही. नाहीतर तो रागाने पाठ फिरवतो, ज्या घराने दार लावले त्या घरास जन्मभर शिव्या देतो, आणि ज्या इच्छेसाठी तो गेला होता ती इच्छाही त्याच रागात जाळून टाकतो. गोन्सालोने दोन्ही केले नाही. तो निघून गेला; परंतु निघून गेला तो स्वतःच्या पायावर उभा राहण्यासाठी.

त्याने व्यापार सुरू केला. चीनचे रेशीम मकावमार्गे जपानास जावयाचे आणि जपानची चांदी परत यावयाची, हा त्या समुद्रावरील मुख्य व्यवहार होता, आणि त्यात ज्यास जपानी भाषा येते त्याची गरज प्रत्येकास पडे. गोन्सालोस भाषा येत होती, माणसे ओळखता येत होती, आणि त्याची जबान पक्की होती. थोड्याच वर्षांत त्याचा जम बसला. पूर्वेकडील निरनिराळ्या बंदरांत त्याचा व्यवहार पसरला व तो सधन झाला. काही भाविक चरित्रे हा भाग चार ओळींत गुंडाळतात, जणू संताने दुकान मांडले हे सांगण्याची लाज वाटावी. आम्हांस तसे वाटत नाही. ज्यास आठ वर्षे सेवा करूनही आपण अपुरे असे ऐकावे लागले, त्याने आपल्या हाताने काहीतरी उभे करून पाहणे आवश्यकच होते. आपण कोणाच्या कृपेने नव्हे, तर आपल्या अंगच्या गुणाने जगू शकतो, ही खात्री त्यास येथे झाली. शिवाय ही खात्री झाल्यावाचून पुढे त्याने जे सोडले, त्या सोडण्यासही किंमत राहिली नसती. ज्याच्यापाशी काही नाही त्याने दारिद्र्याचे व्रत घेणे वेगळे. भरल्या वखारीच्या किल्ल्या खाली ठेवणे वेगळे.

व्यापाराच्या निमित्ताने तो फिलिपिन्स बेटांतील मनिला शहरी जाऊ लागला. हे शहर स्पेनच्या लोकांनी १५७१ साली आपली राजधानी केले होते आणि १५७७ पासून तेथे फ्रान्सिसकन संन्यासी येऊन राहिले होते. त्यांच्यापैकी हुआन पोब्रे नामक एका मठबंधूशी त्याचा स्नेह जुळला. स्पॅनिश भाषेत पोब्रे म्हणजे दरिद्री. धनवान व्यापाऱ्यास दरिद्री नावाच्या संन्याशाने वाट दाखवावी, हा योग देवानेच जुळवून आणला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. वसईच्या शाळेत रुजलेली इच्छा इतक्या वर्षांच्या हिशेबवह्यांखाली जिवंतच होती. तिला आता पुन्हा पालवी फुटली. त्याने आपला व्यवहार आवरला, संपत्तीचा त्याग केला आणि अस्सीसीच्या संत फ्रान्सिसचा झगा अंगावर घेतला.

तो फादर झाला नाही. मठबंधू झाला, म्हणजे ज्यास गुरुदीक्षा नाही, ज्याने दार सांभाळावे, भिक्षा आणावी, स्वयंपाकघरात हात द्यावा, आजाऱ्यांची शुश्रूषा करावी, असा बंधू. ज्याने अनेक बंदरांत मुनीम ठेवले तो आता मठाच्या भांड्यांस हात लावू लागला. हीच त्याची मूळ इच्छा होती काय? लहानपणी त्याने गुरूंस वेदीपाशी उभे पाहिले होते, तेव्हा बहुधा त्याने मनात वेदीच धरली असेल. मिळाले ते निराळे; पण ते त्याने दुय्यम म्हणून घेतले नाही. आम्ही स्वतः पाहतो की, दुय्यम म्हणून स्वीकारलेले काम माणूस सदैव कुरकुरत करतो आणि त्याची कुरकुर घरच्यांसही भोवते. गोन्सालोच्या हातून या कामात जे घडले, त्यावरून त्याच्या मनाची स्थिती निराळी असावी असे आम्ही समजतो.

आता चरित्राचा सर्वांत रोचक भाग येतो. जपानात त्या वेळी तोयोतोमी हिदेयोशी या प्रबळ पुरुषाची सत्ता होती. तो तायको या पदवीने प्रसिद्ध आहे. त्याने १५८७ साली मिशनऱ्यांस देश सोडण्याचे फर्मान काढले होते, पण ते कडकपणे अमलात आले नव्हते. पुढे त्याने कोरियावर स्वारी केली, आणि फिलिपिन्सनेही आपले मांडलिकत्व पत्करावे अशी मागणी मनिलाच्या गव्हर्नराकडे धाडली. १५९३ साली गव्हर्नराने फ्रान्सिसकन संन्यासी पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील नेमून हिदेयोशीकडे पाठविले. वकील थोर विद्वान व साधुवृत्तीचे होते, परंतु त्यांस जपानी भाषेचा गंधही नव्हता. ही वकिलात चालावयाची ती एका माणसाच्या जिभेवर, आणि तो माणूस म्हणजे बंधू गोन्सालो. ज्या देशातून तो नाकारला जाऊन निघाला, त्याच देशात तो आता राजदरबारात उभा राहण्यासाठी परतत होता, आणि अंगावर संन्याशाचा जाडाभरडा झगा होता.

क्युशूच्या किनाऱ्यावरील नागोया येथे स्वारीची छावणी होती. तेथे भेट झाली. दुभाष्याचे काम मोठे अवघड असते. दोन्ही बाजूंचा रोष त्यास सोसावा लागतो आणि मान मात्र दोहोंकडूनही मिळत नाही. रागीट सत्ताधीशाचे शब्द सौम्य करून सांगावे, आपल्या वकिलाचे नकार गोड करून सांगावे, हा मोह प्रत्येक क्षणी पुढे असतो. आणि एक शब्द खोटा गेला तर कोणास कळणार? दोघांपैकी कोणीही दुसऱ्याची भाषा जाणत नाही. पारखणारा एकच, स्वतःचे मन. आम्हांस वाटते, मनुष्याच्या खरेपणाची याहून कठोर कसोटी विरळा. मांडलिकत्व पत्करणे वकिलास शक्य नव्हते, व तरीही हिदेयोशीचा कोप होऊ न देता मैत्रीचे बोलणे चालू ठेवावयाचे होते. ते चालू राहिले. संन्याशांस देशात राहण्याची मुभा मिळाली, आणि लवकरच राजधानी क्योतो येथे मठासाठी जागाही मिळाली.

येथे एक नाजूक गोष्टही सांगितली पाहिजे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ साली जपानातील मिशनकार्य केवळ येशूसंघाकडे सोपविले होते. फ्रान्सिसकन आले ते वकील म्हणून. राहिले ते मिशनरी म्हणून. त्यामुळे दोन संघांत तक्रारी झाल्या, पत्रे रोमेस गेली, आणि परस्परांच्या पद्धतीवर टीका झाली. येशूसंघी म्हणत की, फर्मान असता उघड उपदेश करणे म्हणजे संकट ओढवून घेणे. फ्रान्सिसकन म्हणत की, गरिबांत उघडपणे गेले पाहिजे. घटना पाहता येशूसंघीयांची भीती अगदीच खोटी नव्हती, असे आम्हांस प्रांजळपणे म्हणावे लागते. गोन्सालो या दोन घरांच्या मधोमध उभा होता. एका घराने त्यास शिकविले व नाकारले, दुसऱ्याने घेतले. जुने उट्टे काढण्यास याहून चांगली संधी कोणती? त्या जुन्या वादाच्या कागदांत तो वैर धरणारा म्हणून पुढे येत नाही. तो आढळतो तो क्योतोच्या रुग्णालयात.

क्योतो येथील मठाशेजारी संन्याशांनी दोन रुग्णालये चालविली. त्यांत रक्तपित्याने पिडलेले लोक असत. त्या काळी त्यांस जपानातही लोक तसेच दूर ठेवीत, जसे आमच्याकडे ठेवीत. बंधू गोन्सालो तेथे त्यांचे धुणे-पुसणे करी, त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोले, नव्या संन्याशांस भाषा शिकवी, आणि धर्माची तोंडओळख करून घेऊ इच्छिणाऱ्यांस शिकवण देई. विशीतला तो जुना कॅटेकिस्ट चाळिशीकडे झुकताना पुन्हा तेच काम करीत होता. रुग्णालयातील सेवक व मठाजवळ राहणारी मुले यांतून कित्येक जण संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघात आले. पुढे वधस्तंभांच्या रांगेत त्याच्याबरोबर हेच लोक होते.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे मोठे स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोस जाता जाता वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्यास लागले. त्यावरील माल अपार होता आणि तो हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. त्या वादात जहाजाच्या सुकाणूदाराने फुशारकीने असे सांगितले म्हणतात की, आमचा राजा आधी मिशनरी पाठवितो व मागून सैन्य. हे शब्द कसे उच्चारले गेले यावर इतिहासकार अजून वाद घालतात. परिणाम मात्र झाला. डिसेंबरात क्योतो व ओसाका येथील मठांस चौक्या बसल्या. आणि चोवीस जणांस नागासाकीस नेऊन क्रूसावर मारावे असा हुकूम झाला. त्यांत सहा फ्रान्सिसकन होते, तीन जपानी येशूसंघी होते, आणि बाकीचे साधे जपानी ख्रिस्ती. ज्या संघाने गोन्सालोस घेतले नव्हते, त्या संघाचे तिघे आता त्याच्याच दोरीला बांधले गेले.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो येथे त्यांच्या डाव्या कानाचे टोक कापण्यात आले. मूळ हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता; अंमलदारास दया येऊन त्याने एवढ्यावर भागविले. मग गाड्यांवर बसवून क्योतो, ओसाका, साकाई या शहरांतून त्यांची धिंड काढली. त्यानंतर नागासाकीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटरांची वाट, जपानच्या कडाक्याच्या हिवाळ्यात, बहुतेक पायी. अनसिंगहून निघून मुंबईस पोहोचावे व तरीही बरीच वाट शिल्लक राहावी, एवढी ती वाट. रस्त्यात त्यांची सेवा करण्यासाठी मागोमाग येणाऱ्या दोघांस शिपायांनी धरून टोळीत घातले. अशा रीतीने चोवीसांचे सव्वीस झाले. त्यांत बारा वर्षांचा लुईस इबाराकी व तेरा वर्षांचा अंतोन ही मुलेही होती.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सकाळी ते नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पोहोचले. क्रूस आधीच तयार करून जमिनीवर ठेविले होते. हिंदुस्थानात ठोकतात तसे तेथे खिळे ठोकत नसत, असे कोणी म्हणेल तर तेही चूक, कारण आमच्या देशात ही शिक्षा नव्हतीच. सांगावयाचे एवढेच की, जपानात हातापायांस लोखंडी कड्या व दोर बांधून क्रूस उभा करीत आणि मग भाल्याने दोन्ही कुशी भेदीत. टेकडीवर आधी पोहोचलेल्यांत गोन्सालो होता. तो सरळ एका क्रूसापाशी गेला आणि हा आपला काय, असे त्याने विचारले. तो त्याचा नव्हता. प्रत्येकाचा क्रूस ठरलेला होता, मापाने केलेला होता. शिपायांनी त्यास दुसऱ्या क्रूसापाशी नेले. तेथे त्याने गुडघे टेकले आणि त्यास मिठी मारली. मग बाकीचे आले व प्रत्येक जण आपापला क्रूस शोधू लागला. पॉल मिकी या जपानी येशूसंघी बंधूने क्रूसावरून जमलेल्या लोकांस अखेरचा उपदेश केला. सूर्य वर येण्यापूर्वी काम आटोपले नव्हते. दहाच्या सुमारास सारे संपले. गोन्सालो सुमारे चाळीस वर्षांचा होता.

तीस वर्षांनी, १६२७ साली, पोप आठवे उर्बन यांनी या रक्तसाक्ष्यांस धन्यपद दिले. वसईस त्याचा उत्सव होऊ लागला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातील मंदिरे ओस पडली व त्यांवर वड-पिंपळ वाढले. भिंती मात्र आजही उभ्या आहेत. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांस संतपद दिले. अशा रीतीने ज्यास वंशामुळे मठाच्या दाराबाहेर राहावे लागले, तो हिंदुस्थानात जन्मलेला पहिला संत ठरला. त्यानंतर या भूमीतील दुसरे नाव संतमालिकेत येण्यास, म्हणजे भरणंगानमच्या संत अल्फोन्सांपर्यंत, १४६ वर्षे लोटली. ते साल २००८.

वसईकडे गास येथे त्याच्या नावाचे मंदिर आहे, वसईस त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. निशिझाका टेकडीवर १९६२ साली, संतपदाच्या शताब्दीस, सव्वीस जणांच्या काशाच्या मूर्तींची एक भिंत उभारली; तीत तो रांगेने इतरांबरोबर उभा आहे. आपल्या मंदिरात जे रोमन पंचांग चालते, त्यात हा सण ६ फेब्रुवारीस येतो आणि संत पॉल मिकी व सहकारी या नावाने येतो. त्यात गोन्सालोचे नाव स्वतंत्र छापलेले नाही. सहकारी या एका शब्दात तो आहे. त्या दिवशी मिस्सेस येणाऱ्यांनी तेथे त्यास शोधावे.